रबरी सूटला हसण्याआधी

१९५४चा मूळ जपानी ‘गॉडझिला’, म्हणजे बॉम्बच्या चाचणीने जागा झालेला महाकाय प्राणी टोकियो तुडवतो तो चित्रपट, हा खिशात पैसा नव्हता म्हणून माणसाला रबरी सूट चढवून उरकलेला पोरकट सिनेमा, तोही ‘किंग काँग’ची नक्कल, अणुबॉम्बचा अर्थ वगैरे समीक्षकांनी मागाहून चिकटवला. हे मत बरीच मंडळी छातीठोकपणे सांगतात. त्यातल्या किती जणांनी तो चित्रपट पाहिलाय, याची मला दाट शंका आहे.

आधी पैशाचं. तोहो कंपनीने त्याच वर्षी ‘सेव्हन समुराई’ही काढला, आणि हे दोन्ही त्या काळच्या जपानमधले अतिशय खर्चिक चित्रपट. टंचाई होती ती वेळेची. निर्माते तोमोयुकी तानाका यांचा इंडोनेशियात व्हायचा चित्रपट त्याच वर्षी फिसकटला, त्याच्या जागी काहीतरी उभं करणं भाग होतं, आणि ३ नोव्हेंबरला ‘गॉडझिला’ थिएटरांत लागलासुद्धा. स्पेशल इफेक्ट्सचे प्रमुख एइजी त्सुबुराया ‘किंग काँग’वर फिदा होते. बाहुली तसूतसूने हलवत एकेक फ्रेम टिपायची, ही त्यातलीच पद्धत त्यांना हवी होती. पण तसं केलं तर सात वर्षं लागतील, हा त्यांचा हिशेब प्रसिद्धच आहे.

बरं, सूट म्हणजे सोपी पळवाट, असंही नाही. पहिला सूट इतका जड आणि ताठर झाला की आतल्या माणसाला धड चालता येईना. तो मधोमध कापून पायांच्या शॉट्ससाठी वापरला. दुसरा जरा हलका, तरी त्यात शिरून प्रखर दिव्यांखाली काम करणाऱ्या हारुओ नाकाजिमांचा घाम अक्षरशः ओतून काढावा लागे. प्राण्याची चाल बसवायला हे गृहस्थ प्राणिसंग्रहालयात जाऊन हत्ती-अस्वलं बघत बसायचे. टोकियोच्या इमारती बहुतेक १:२५ प्रमाणात बांधल्या होत्या. पन्नास मीटरचा गॉडझिला म्हणजे बरोबर दोन मीटर, सूट घातलेल्या माणसाएवढा. कॅमेरा नेहमीपेक्षा वेगाने चालवला, म्हणजे पडद्यावर सगळं संथ होतं आणि कोसळणाऱ्या भिंतीला वजन येतं. गडबडीत उरकणारी माणसं असा हिशेब मांडत नाहीत. आणि ती डरकाळी! संगीतकार अकिरा इफुकुबे यांनी डबल बास या भल्यामोठ्या तंतुवाद्याच्या सैल केलेल्या तारांवर राळ लावलेला चामडी हातमोजा घासून ती काढली.

नक्कलेचा आरोप निम्मा खरा आहे. १९५२मध्ये पुन्हा प्रदर्शित झालेला ‘किंग काँग’ आणि १९५३चा अमेरिकी ‘द बीस्ट फ्रॉम २०,००० फॅदम्स’ तानाकांच्या डोळ्यांसमोर होते. बॉम्बच्या चाचणीने जागा झालेला प्राणी तर त्या दुसऱ्या चित्रपटातही आहे. पण तिथे बॉम्ब गोष्ट सुरू करून बाजूला होतो. इथे तो शेवटपर्यंत मानगुटीवर बसलेला असतो.

‘मागाहून चिकटवलेला अर्थ’ हा मुद्दा मात्र तारखांपुढे टिकतच नाही. १ मार्च १९५४ला अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी घेतली. ‘लकी ड्रॅगन ५’ या जपानी मासेमारी बोटीवर किरणोत्सर्गी राख पडली, २३ जण आजारी पडले आणि सप्टेंबरमध्ये बोटीचा रेडिओ ऑपरेटर दगावला. हा चित्रपट सुरू होतो तो समुद्रात डोळे दिपवणाऱ्या प्रकाशाने आणि बुडणाऱ्या जहाजाने. ट्रेनमधली एक बाई किरणोत्सर्गी माशांबद्दल बोलते, आपण नागासाकीतून वाचलो होतो हेही सांगते. नोव्हेंबर १९५४च्या प्रेक्षकाला यात समीक्षकाने काय समजावून सांगायचं? दिग्दर्शक इशिरो होंडा युद्धानंतर चीनमधून मायदेशी परतताना स्वतः हिरोशिमातून गेले होते.

गैरसमजाचं मूळ बहुधा १९५६च्या अमेरिकी आवृत्तीत आहे. तिच्यात रेमंड बर हा नट पत्रकार म्हणून घुसवला आणि अणुबॉम्बचे बरेच उल्लेख कापले. जपानबाहेर कित्येक वर्षं हीच आवृत्ती चालली.

राहिला पोरकटपणा. आगीने वेढलेल्या रस्त्यावर मुलांना कवटाळून बसलेली आई त्यांना सांगते की आता आपण लवकरच बाबांकडे जाणार. दवाखान्यात एका लहान मुलासमोर गायगर काउंटर, म्हणजे किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र, धरतात आणि डॉक्टर नुसती नकारार्थी मान हलवतो. यात पोरकट काय आहे, ते कुणीतरी दाखवावं. पुढच्या भागांत गाडी घसरली, हे कबूल. १९६५च्या चित्रपटात गॉडझिला टुणटुण उड्या मारत नाचतो, १९७१च्या चित्रपटात तोंडातून झोत सोडत उलटा उडतो. त्यांना हसा खुशाल, मीही हसतो.