दाराची खालची कड

गेली आठ वर्षे मी श्टुटगार्टमध्ये राहतो. पुण्याला आलो आणि नव्या घरांचा विषय निघाला, की "आपल्याकडच्या सुतारांना फिनिशिंग जमतच नाही, तिकडे बघा काम कसं चोख असतं" हे वाक्य हमखास कानावर पडते. या जूनमध्ये बावधनला धाकट्या भावाच्या नव्या फ्लॅटमध्येही ते ऐकले आणि मला ते मुळीच पटले नाही. उणीव हातांत नाही, काम तपासून ताब्यात घेण्याच्या आपल्या रीतीत आहे.

घर पाहायला आलेले नातेवाईक कपाटाच्या लॅमिनेटवरून हात फिरवून "छान झालंय" म्हणत होते. ती चकाकी कारखान्यातून आलेली असते. सुताराची पारख तिच्यावरून होत नाही. मी बाथरूमच्या दाराखाली मोबाइल धरून फोटो काढला, तेव्हा दाराची खालची कड अगदी कोरी निघाली, ना रंग ना सीलर, म्हणजे ओल रोखणारा लेप. एप्रिलच्या कोरड्या हवेत नीट लागणारे दार जुलैत फुगते, ते बहुतेकदा अशाच उघड्या कडेतून ओल शोषल्यामुळे. मग कोणीतरी त्याला रंधा मारतो आणि हिवाळ्यात तिथेच फट पडते. चौकट ओळंब्यात, म्हणजे अगदी सरळ उभी आहे का, हे पाहायचे असेल तर दार अर्धे उघडून सोडून द्यावे, ते आपोआप फिरू लागले तर काय ते कळते. ओट्याखालच्या कपाटांसाठी आयएस ७१० या भारतीय मानकाचे, ओलाव्यात टिकणारे मरीन प्लाय ठरले असेल, तर त्यावरचा शिक्का लॅमिनेट चढण्याआधीच पाहावा लागतो, नंतर तो झाकला जातो. जुन्या वाड्यांतल्या सागवानाचे दाखले देऊन प्लायला सरसकट नावे ठेवणेही मला मान्य नाही. उभ्या-आडव्या थरांमुळे ते अखंड फळीपेक्षा कमी फुगते-आकसते, फक्त त्याच्या कडा बंद असाव्या लागतात.

जर्मनीत सुतारकामाची उमेदवारी साधारण तीन वर्षांची असते आणि शेवटी स्वतः घडवलेली एक वस्तू परीक्षकांपुढे ठेवावी लागते, याचे मोल आहेच. पण घर घेणाऱ्याला खरा आधार असतो तो 'आबनामं'चा, म्हणजे काम रीतसर स्वीकारण्याचा. त्यानंतर दोष सिद्ध करण्याचा भार ग्राहकावर येतो, म्हणून सही करण्याआधी माणसे प्रत्येक खोलीत फिरून एकेक ओरखडा लिहून घेतात. आपल्याकडे ताब्याचा दिवस कलश, नारळ आणि फोटोंतच संपतो. वास्तविक २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार, ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांच्या आत कारागिरीतला दोष निदर्शनास आणला, तर विकासकाने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. मात्र हे विकासकाने केलेल्या कामापुरते. आपण वेगळा सुतार लावून करवून घेतलेल्या फर्निचरसाठी लेखी करार आपणच करायला हवा.

आणि तिकडच्या चोखपणाची किंमतही सांगितली पाहिजे. श्टुटगार्टमध्ये सुताराकडून कपाट करवून घेणे माझ्या पगारात बसत नाही. दुकानातून खोके आणून मी ते स्वतः जोडतो आणि भिंत तिरकी असली तर मागे फट राहते. भावाकडे मात्र सुतारदादांनी तशाच तिरक्या भिंतीला पट्टी तासून अशी बसवली, की सांध्यात नखसुद्धा शिरत नाही.

दाराच्या कडेबद्दल मी त्यांनाच विचारले. दारे विकासकाची, त्यांची नव्हेत, पण त्यांनी ते दार उतरवले, कड घासून तिला सीलरचे दोन हात दिले आणि म्हणाले, "साहेब, फरशीचं आणि पाण्याचं काम संपायच्या आत दारं लावायला लावतात, मग कडा कोण बघणार?" त्यांच्या मजुरीचा शेवटचा हप्ता पावसाळा संपल्यावर, कपाटांची सगळी दारे तपासून द्यायचा असे भावाने त्यांच्याशी लेखी ठरवले आहे. त्यांनीही एक अट कागदावर घालून घेतली: रंगारी आणि प्लंबर बाहेर पडल्याशिवाय ते एकही दार बसवणार नाहीत.