दीडशे रुपयांच्या कन्व्हर्टरवर ग्राफिक्स कार्ड चालवू नका

परवा रात्री सांगलीहून भाच्याचा मेसेज आला, "मामा, एसएमपीएस बदलायची गरजच नाही. हे वाच." खाली एक लांबलचक फॉरवर्ड. तोच मला त्या आठवड्यात आणखी दोन ग्रुपवर दिसला, म्हणजे चांगलाच फिरतोय. भाच्याने वर्षभर पैसे साठवून आरटीएक्स ३०६० हे ग्राफिक्स कार्ड घेतलंय. प्रोसेसर आय५-१२४००एफ, आणि एसएमपीएस (भिंतीतली वीज घेऊन पीसीच्या भागांना पुरवणारा डबा) कॅबिनेटसोबत आलेला, वर '४५० वॅट' छापलेला. नेमक्या अशाच पोरांपर्यंत हा फॉरवर्ड पोचतोय, म्हणून उत्तर लिहितोय.

त्याचं म्हणणं थोडक्यात असं. एक, कार्ड १७० वॅट, प्रोसेसर ६५, बाकी सगळं मिळून ५०. बेरीज तीनशेच्या आत, तेव्हा ४५०चा कुठलाही एसएमपीएस पुरतो, कंपन्या ५५० सांगतात ते माल खपवायला. दोन, एसएमपीएसला कार्डाची ८ पिनची वायर नसेल तर दीडशे रुपयांचा सॅटा कन्व्हर्टर, म्हणजे हार्ड डिस्कच्या प्लगमधून कार्डाला वीज देणारी जोडवायर, लावा. तीन, मोठा एसएमपीएस घेतला की लाइट बिल वाढतं. चार, ८० प्लस हे कार्यक्षमतेचं प्रमाणपत्र म्हणजे नुसता स्टिकर. पाच, घरात यूपीएस असेल तर एसएमपीएस कसलाही चालतो.

मी दुसऱ्या मुद्द्यापासून सुरुवात करतो. बाकीच्या सल्ल्यांनी फार तर पैसे जातील. या सल्ल्याने पोराच्या खोलीत आग लागू शकते.

हार्ड डिस्कला जो चपटा सॅटा पॉवर प्लग लागतो, त्यात १२ व्होल्टच्या तीन पिना असतात आणि प्रत्येकीची मर्यादा दीड अँपिअर. म्हणजे एकूण साडेचार अँपिअर, ५४ वॅट. हार्ड डिस्क चालताना दहा वॅटच्या आसपास घेते, तिच्या हिशोबाने हा प्लग बनवलाय. कार्डाचा ८ पिनचा कनेक्टर १५० वॅटचा आहे. त्यातही १२ व्होल्टच्या पिना तीनच, पण जाड, आणि प्रत्येकीला चार अँपिअरच्या वर वाहून नेता येतं. ३०६० मदरबोर्डच्या स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट घेऊ शकतं. उरलेले शंभरएक वॅट वायरमधूनच यायला हवेत. फॉरवर्डमधल्या फोटोत कन्व्हर्टरला एकच सॅटा प्लग आहे. ५४ वॅटच्या प्लगमधून शंभर वॅट ओढायचे, तेही गेम चालू असेपर्यंत, तास-दोन तास सलग. दोन प्लगचा कन्व्हर्टर मिळतो, पण स्वस्त एसएमपीएसमध्ये ते दोन्ही प्लग बहुतेक वेळा एकाच पिवळ्या वायरवर ओवलेले असतात, त्यामुळे सगळा भार पुन्हा तिच्यावरच येतो.

आणि जे कोणीच सांगत नाही ते हे. ८ पिनच्या कनेक्टरमधल्या दोन पिना 'सेन्स'च्या असतात. त्या ग्राउंडला जोडलेल्या दिसल्या की कार्ड समजतं, पलीकडे १५० वॅट द्यायची ताकद आहे. कन्व्हर्टर बनवणारा त्या दोन पिना सरळ ग्राउंडला जोडून देतो. पलीकडे काहीही असो, कार्डाला उत्तर 'हो' असंच मिळतं. कार्डाला सावध करायची जी एकमेव सोय होती, तीच बंद करून टाकायची आणि त्याला जुगाड म्हणायचं!

"माझ्या मित्राचा सहा महिने चालतोय" असंही त्यात लिहिलंय. चालेलच. प्लग पहिल्या दिवशी पेटत नाही. करंट दुप्पट झाला की तिथली उष्णता चौपट होते. पिना तापतात, प्लॅस्टिक मऊ पडतं, पिनेची पकड सैल होते, सैल पकडीमुळे ती आणखी तापते. हे कॅबिनेटच्या आत, मागच्या बाजूला, वायरींच्या गुंत्यात चाललेलं असतं. जळका वास येईपर्यंत कुणाला कळत नाही.

आता बेरीज. ६५ हा आकडा प्रोसेसरच्या खोक्यावरचा. इंटेलच्या स्वतःच्या पानावर १२४००एफसमोर दोन आकडे आहेत, बेस पॉवर ६५ वॅट आणि मॅक्झिमम टर्बो पॉवर ११७ वॅट. दुसरा सोयीने गाळलाय. पण त्याहून मोठी चूक '४५० वॅट' या छापील शब्दावर विश्वास ठेवण्याची. भाच्याला म्हटलं, एसएमपीएसच्या बाजूच्या लेबलचा फोटो पाठव. त्यावर ३.३ व्होल्टला २० अँपिअर, ५ व्होल्टला २० अँपिअर आणि १२ व्होल्टला १६ अँपिअर. कार्ड आणि प्रोसेसर दोघंही जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टवरूनच घेतात. १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅट. कार्ड १७० आणि प्रोसेसर ११७, दोघांना मिळून २८७ हवेत. लेबलवरच्या या तिन्ही ओळींची बेरीज केली तरी ३५८च्या पुढे जात नाही, मग ४५० आले कुठून? प्रोसेसर ५ व्होल्टवर चालायचे तेव्हाचं हे गणित आहे. पेंटियम ४च्या काळात, २००० साली, प्रोसेसरसाठी वेगळी ४ पिनची १२ व्होल्टची वायर आली, तेव्हापासून मुख्य भार १२ व्होल्टवर गेला. पंचवीस वर्षं झाली त्याला.

इंटेलचं एटीएक्स पॉवर सप्लायचं, म्हणजे एसएमपीएसचं, डिझाइन गाइड कुणालाही वाचायला मिळतं. १२ व्होल्टची लाइन ११.४० ते १२.६० मध्येच राहिली पाहिजे, ही त्यातली वर्षानुवर्षांची अट होती. जास्त भार आला किंवा शॉर्ट झालं तर सप्लायने स्वतःहून बंद व्हायला हवं, ही अट आजही आहे. चांगला एसएमपीएस झेपेना झालं की बंद पडतो, पीसी रीस्टार्ट होतो, एवढ्यावर निभावतं. पण स्वस्तात माल काढताना हीच संरक्षणं सगळ्यात आधी गाळली जातात. मग तो बंद न पडता मरतो, आणि कधी कधी मदरबोर्डला सोबत घेऊन जातो.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. कार्डाची चिप बनवणारी एनव्हीडिया ३०६०साठी ५५० सांगते त्यात भरपूर मोकळीक धरलेली आहे, कारण समोरच्याचा एसएमपीएस कसा असेल ते तिला ठाऊक नसतं. १२ व्होल्टला ३६ अँपिअर देणारा, स्वतःची ८ पिनची वायर असलेला चांगला ४५०चा सप्लाय हा पीसी चालवेल. या कार्डासाठी ८५०चा घ्या म्हणणारे दुकानदारही चूक आहेत. ४५० हा आकडा चालू शकतो, '४५०चा कुठलाही' चालत नाही. फॉरवर्डने तो एक शब्द घालून पोरांना फसवलंय.

लाइट बिलाचं म्हणणं साफ खोटं. पीसीला लागेल तेवढीच वीज सप्लाय ओढतो. पीसीला ३०० वॅट लागत असतील तर ८० टक्के कार्यक्षमतेचा एसएमपीएस भिंतीतून ३७५ घेईल, ९० टक्क्यांचा ३३३. रोज चार तास खेळलं तर महिन्याला पाच युनिटचा फरक, आणि तो चांगल्या सप्लायच्या बाजूने.

८० प्लसबद्दल अर्धं खरं आहे. ते मुख्यतः कार्यक्षमता मोजतं, तेही २३ अंशांना. आपल्याकडे एप्रिलमध्ये कॅबिनेटच्या आत काय तापमान असतं ते सांगायला नको. संरक्षणांबद्दल ते काहीच सांगत नाही. गिगाबाइट कंपनीचा पी७५०जीएम हा सप्लाय ८० प्लस गोल्डच होता. तरी त्याच्या तक्रारी झाल्यावर ऑगस्ट २०२१मध्ये कंपनीने तो आणि पी८५०जीएम बदलून द्यायची तयारी दाखवली, आणि जादा भाराला बंद पडण्याची मर्यादा १२०–१५० टक्क्यांवरून ११०–१२० टक्क्यांवर आणली. म्हणजे गोल्ड बघून डोळे मिटायचे नाहीत. पण ज्याला साधं प्रमाणपत्रही मिळालेलं नाही, तो घ्यायचं कारण यातून निघत नाही.

यूपीएस भिंतीकडची वीज सांभाळतो. एसएमपीएसच्या पलीकडे, कार्डाकडे जाणाऱ्या १२ व्होल्टशी त्याचा संबंध नाही. शिवाय घरोघरी असतो तो ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो. लाइट गेल्यावर गेम चालू असेल तर आधी तोच बसेल.

भाच्याला साधारण चार हजारांचा, १२ व्होल्टला ४० अँपिअरच्या वर देणारा, ८ पिनची वायर सोबत असलेला ५५०चा सप्लाय घ्यायला सांगितलंय. सुट्या वायरींचा असेल तर त्याच्याच खोक्यातल्या वायरी वापर, दुसऱ्या सप्लायच्या कधीच लावू नकोस, हेही बजावलंय. सप्लायच्या बाजूच्या पिनांची रचना प्रत्येक कंपनीची वेगळी असते, प्लग बसला तरी डिस्क जळू शकते. तो ऐकेल. पण त्याने सांगितलं की हा फॉरवर्ड त्याला वर्गातल्या मित्राने पाठवला, आणि त्या मित्राच्या पीसीत हाच कन्व्हर्टर दिवाळीपासून लावलेला आहे. त्याच्या वडिलांचा नंबर मागून घेतलाय. आज रात्री फोन करतोय.