१२७ दात आणि एक लाल चिठ्ठी

भोसरी एमआयडीसीत आमचं एक छोटं वर्कशॉप आहे. आमचं म्हणजे मालकांचं. मी गेली १९ वर्षं तिथलं स्टोअर सांभाळतो आणि या १९ वर्षांत मी काहीही टाकलेलं नाही. अर्धं हेक्सा ब्लेड, टोक उडालेला टॅप, एका मोटरची नेमप्लेट (मोटर केव्हाच गेली, नेमप्लेट आहे)... सगळं ‘असू दे, लागेल’ म्हणून रॅकवर.

मग एका मोठ्या गिऱ्हाइकाचं ऑडिट तीन आठवड्यांवर आलं आणि मालकांनी फाइव्ह एसवाले, म्हणजे कामाची जागा नीटनेटकी ठेवायच्या जपानी पद्धतीचे, सल्लागार आणले. त्यांनी फळ्यावर पाच जपानी शब्द लिहिले. सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके. नको ते काढा, हवं ते जागेवर लावा, झाडा-पुसा, त्याचे नियम ठरवा आणि ते अंगवळणी पाडा.

“म्हणजे खंडेनवमीच की,” मागून फोरमनकाका म्हणाले. “फक्त रोज.”

“आणि पेढे नाहीत,” सल्लागार म्हणाले. माणूस तयारीचा होता.

टोयोटाचे ताइइची ओनो म्हणे जमिनीवर खडूनं वर्तुळ काढून इंजिनिअरला त्यात उभं करत आणि तासन्‌तास नुसतं बघायला लावत. बघायचं काय, तर ‘मुदा’. म्हणजे फुकट जाणारं सगळं. याचे त्यांनी सात प्रकार मोजलेत. जास्तीचं उत्पादन, ताटकळणं, वाहतूक, नको ती प्रक्रिया, साठा, हालचाल आणि खराब माल. फोरमनकाकांना लेथपाशी अशाच वर्तुळात उभं केलं. अर्ध्या तासानं त्यांनी अहवाल दिला : “ऑपरेटर पान्यासाठी चार वेळा स्टोअरला गेला. चारही वेळा स्टोअरवाले म्हणाले, होता इथंच कुठंतरी.” शेवटचं वाक्य त्यांनी गाळलं असतं तरी अहवाल पुरा झाला असता.

नियम ठरवायचं काम मात्र मी आनंदानं अंगावर घेतलं. पाटी लिहायला पुणेकराला जपानी शिकावं लागत नाही. हत्यारांच्या बोर्डावर प्रत्येक पान्याची आकृती रंगवली आणि खाली लिहिलं, ‘पाना नेल्यास परत आणावा. तो आहेर म्हणून दिलेला नाही.’ तेव्हापासून पाना दहा सेकंदांत सापडतो, हे कबूल केलंच पाहिजे.

खरं संकट होतं लाल चिठ्ठ्यांचं. वर्षभरात जिला हात लागला नाही त्या वस्तूला लाल चिठ्ठी बांधायची, ती महिनाभर वेगळ्या कोपऱ्यात ठेवायची, आणि तरी कुणी मागितली नाही तर विल्हेवाट. गुरुवारी, म्हणजे एमआयडीसीच्या सुट्टीच्या दिवशी, मला बोलावून चिठ्ठ्या माझ्याच अक्षरात लिहून घेतल्या. सर्वांत खालच्या फळीवर, ग्रीस लावून जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला ताटाएवढा गिअर होता. कागद सोडवला, तर ग्रीस घट्ट मधासारखं पिवळं झालेलं आणि दात मात्र कोरे करकरीत. मी जरा घुटमळलो. सल्लागार घड्याळ बघत होते. लिहिलं, ‘मोठा गिअर. लागत नाही.’

महिनाभर थांबायला वेळ कुणाला होता? ऑडिटच्या आदल्या दिवशी कुदळवाडीच्या भंगारवाल्याचा टेम्पो आला आणि लाल कोपरा किलोवर गेला. ही चूक जपान्यांची नव्हे, आमची. ऑडिट झकास झालं. ऑडिटर साहेबांनी पाटीचा फोटोसुद्धा काढला.

पुढच्याच आठवड्यात एका लांबलचक शाफ्टवर आटे पाडायचं काम आलं. शाफ्ट सीएनसीत, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनमध्ये, मावेना, म्हणून म्हाताऱ्या लेथला उठवलं. त्याचा लीड स्क्रू (आटे पाडताना हत्यार पुढं सरकवणारा लांब स्क्रू) इंची आणि आटे हवेत मिलिमीटरचे. फोरमनकाका खिडकीशी आले. “ते १२७चं चाक द्या.”

एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. त्याची पाचपट १२७. इंची लेथवर मिलिमीटरचे आटे बिनचूक पाडायचे तर गिअरांच्या जोडणीत १२७ दातांचं चाक लागतं. हे मला माहीत होतं. पण गुरुवारी आठवलं नाही.

बैठक बसली. टोयोटाच्याच पद्धतीनं पाच वेळा ‘का’ विचारायचं ठरलं. गिअर का नाही? भंगारात गेला. का गेला? लाल चिठ्ठी होती. का होती? स्टोअरवाल्यांनी लावली. का लावली? मालकांनी फाइव्ह एस करा म्हटलं म्हणून. चौथ्या उत्तरालाच मालकांनी बैठक आटोपली.

कुदळवाडीत चौकशी केली, तर तो माल पुढं गेला होता. रविवारी जुन्या बाजारात गेलो. तिथं शिलाई मशीनचं पायडल आणि पितळी घंगाळ यांच्या मधोमध ताडपत्रीवर तो पडला होता. तारेनं बांधलेली लाल चिठ्ठीही तशीच. मी उकिडवा बसलो आणि दात मोजले. मधे एका गिऱ्हाइकाचा धक्का लागला, म्हणून पुन्हा पहिल्यापासून मोजले.

“बाराशे,” विक्रेता म्हणाला.

“बाराशे? अहो, ही चिठ्ठी वाचा. ‘लागत नाही’ म्हणून लिहिलंय.”

“वाचलं की,” तो म्हणाला. “पण तुम्ही दोनदा दात मोजले.”

अकराशेला दिला.