सेवा सामायिक असाव्यात, शाळेचा निर्णय मात्र गावाचा

व्हरमाँट हे अमेरिकेच्या ईशान्येकडचे डोंगराळ राज्य असून त्याची लोकसंख्या जेमतेम साडेसहा लाख, म्हणजे आपल्या सोलापूर शहराहूनही कमी आहे. एवढ्याशा राज्यात शंभराहून अधिक शाळा-जिल्हे आहेत. शाळा-जिल्हा म्हणजे एका किंवा शेजारच्या काही गावांच्या शाळांचा कारभार पाहणारी संस्था. तिचे शिक्षण मंडळ लोकांनी निवडून दिलेले असते आणि तिच्या अंदाजपत्रकावर दरवर्षी गावकरी मतदान करतात. १ जुलै २०२५ रोजी गव्हर्नर फिल स्कॉट यांनी ज्या कायद्यावर सही केली, त्यानुसार हे छोटे जिल्हे एकत्र करून शक्य तेथे ४,००० ते ८,००० विद्यार्थ्यांचे मोठे जिल्हे करायचे आहेत. माझी मुले अशाच एका लहान गावच्या शाळेत शिकतात आणि या विलीनीकरणाला माझा विरोध आहे.

असा प्रयोग इथे पहिल्यांदा होतो आहे असेही नाही. २०१५ च्या कायद्याने किमान ९०० विद्यार्थ्यांचे जिल्हे करण्यासाठी आधी करसवलतीचे आमिष दाखवले आणि जी गावे तयार झाली नाहीत, त्यांतल्या अनेकांना राज्य शिक्षण मंडळाने आदेश काढून २०१९ पासून एकत्र आणले. एकत्र आल्यावर काय होते ते ॲडिसन परगण्यातल्या रिप्टन आणि लिंकन या गावांनी अनुभवले. संयुक्त मंडळावर मोठ्या गावांचे सदस्य जास्त असतात. पट घटला की लहान गावची शाळा बंद करण्याची चर्चा सुरू होते आणि त्या शाळेत ज्यांचे मूल कधी शिकलेच नाही अशांची मते निर्णायक ठरतात. म्हणूनच रिप्टनने जानेवारी २०२१ मध्ये मतदान करून बाहेर पडण्याचे ठरवले. लिंकननेही तसेच केले आणि २०२३ मध्ये आपला स्वतंत्र जिल्हा उभा केला.

रिप्टनची पुढची गोष्ट विलीनीकरणाचे समर्थक नेहमी सांगतात आणि ती टाळून चालणार नाही. अधीक्षक, मुलांची वाहतूक, विशेष गरजा असलेल्या मुलांचे शिक्षण हे सारे एकट्याने उभे करणे त्या चिमुकल्या गावाला झेपेना, म्हणून शेवटी त्याने बाहेर पडण्याचा निर्णय फिरवला. माझ्या मते यातून एवढेच दिसते, की लहान गावाला सेवांसाठी शेजाऱ्यांची गरज असते. त्यासाठी शाळेवरचा हक्क सोडावा लागतो, हे त्यातून सिद्ध होत नाही. व्हरमाँटमध्येच अशी जुनी व्यवस्था आहे, की अनेक जिल्हे मिळून एक अधीक्षक आणि एक कार्यालय ठेवतात आणि प्रत्येक गावाचे मंडळ मात्र वेगळे राहते. संगीत किंवा चित्रकलेचे शिक्षक आठवड्यातले दोन दिवस एका शाळेत आणि बाकीचे दिवस दुसऱ्या शाळेत शिकवतात. नकाशा नव्याने आखण्यासाठी नेमलेल्या कार्यदलानेही नोव्हेंबर २०२५ मध्ये सक्तीचे नकाशे न देता सामायिक सेवांचे गट आणि स्वेच्छेचे विलीनीकरण हाच मार्ग सुचवला.

पैशाचा प्रश्न खरा आहे. २०२४ मध्ये शिक्षणासाठीचा मालमत्ता कर सरासरी १३.८ टक्के वाढला आणि पहिल्या फेरीत सुमारे एकतृतीयांश अंदाजपत्रके मतदारांनी फेटाळली. पण त्या वाढीमागे कर्मचाऱ्यांच्या आरोग्य विम्याचे भडकलेले हप्ते होते, करोनाकाळात मिळालेला केंद्रीय निधी आटला होता. जिल्ह्याची हद्द पुसल्याने विम्याचा हप्ता कमी होत नाही. उलट बसचे अंतर वाढते, आणि इथे मार्च-एप्रिलमध्ये बर्फ वितळून कच्च्या रस्त्यांवर चाक रुतेल एवढा चिखल होतो, तेव्हा सहा वर्षांच्या मुलाला त्या रस्त्यावरून दुसऱ्या गावी पाठवण्याची किंमत कोणत्याच ताळेबंदात धरलेली नसते.

हे सारे लिहिताना माझे लक्ष पोलादपूर तालुक्यातल्या माझ्या आजोळच्या वाडीकडे जाते, कारण महाराष्ट्रातही हाच वाद सुरू आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये शालेय शिक्षण विभागाने २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव मागवले आणि नंदुरबारमधले तोरणमाळ व पुणे जिल्ह्यातले पानशेत यांचा नमुना पुढे ठेवला. राज्यात अशा शाळा १४ हजारांहून अधिक आहेत. चार मुलांच्या वर्गात मूल एकटे पडते, एका शिक्षकाला पाच इयत्ता सांभाळाव्या लागतात, हे आक्षेप मला मान्य आहेत. पण वाडीतली शाळा ओढ्याच्या अलीकडे आहे आणि समूह शाळा पलीकडे असणार आहे. आषाढात त्या ओढ्याला पाणी आले की मोठी माणसेसुद्धा उतार पडेपर्यंत थांबतात. गाडी देण्याचे आश्वासन आहे. पण तिचे देयक थकले आणि फेरी बंद पडली, तर सर्वांत आधी घरी बसवल्या जातील त्या मुली.

व्हरमाँटमध्ये निदान मतपेटी आहे. माझ्याकडे भारतीय पासपोर्ट असल्याने आमच्या गावच्या वार्षिक सभेत मला मत नाही, बोलायलाही सभेची परवानगी लागते. तरीही अंदाजपत्रकाचा एकेक आकडा छापलेला अहवाल माझ्या हातात असतो. वाडीतले पालक तर मतदार आहेत. शिक्षण हक्क कायद्याने एक किलोमीटरच्या आत प्राथमिक शाळेची तरतूद केली आणि शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश जागा पालकांना दिल्या. असे असताना शाळा हलवण्याचे प्रस्ताव मागवले गेले ते अधिकाऱ्यांकडून.

केंद्रशाळेची रचना आपल्याकडे आधीच आहे. तिच्या आधाराने विज्ञानाचे साहित्य, खेळाचे तास, इंग्रजीचे फिरते शिक्षक आसपासच्या शाळांना सामायिक करता येतील आणि आठवड्यातून एक दिवस सगळ्या वाड्यांची मुले तिथे एकत्र शिकू शकतील. त्याउपर एखादी शाळा हलवायचीच असेल, तर त्या वाडीच्या व्यवस्थापन समितीची लेखी संमती आणि ग्रामसभेचा ठराव असल्याशिवाय प्रस्ताव पुढे जाऊ नये, आणि गाडी बंद पडली किंवा मुलांची गळती झाली तर मूळ शाळा पुन्हा सुरू करण्याची अट त्याच ठरावात लिहिलेली असावी.