टोन फिल्टरविषयीचा तो संदेश आणि तोडलेली अर्थिंगची पिन

ऐरोलीला राहणाऱ्या माझ्या भाच्याने गेल्या महिन्यात आपली बेस गिटार उघडून आतला टोनचा कपॅसिटर, म्हणजे वरचे स्वर गाळणारा चिमुकला भाग, कटरने छाटून टाकला आणि त्यानंतर चार दिवसांनी अ‍ॅम्पच्या प्लगची अर्थिंगची जाड पिनही तोडली. यातली कोणतीही गोष्ट त्याने स्वतःच्या डोक्याने केली नव्हती. वाद्यवृंदांतल्या आणि कॉलेजच्या बँडमधल्या मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांतून सध्या एक निनावी संदेश फिरतो आहे, त्यातली आज्ञा त्याने शब्दशः पाळली होती. हाच संदेश मला त्याआधी तीन वेळा आला होता आणि तिन्ही वेळा मी तो अर्धवट वाचून पुसून टाकला होता. ठाण्यातल्या वाद्यवृंदांत पंधरा वर्षे बेस वाजवलेल्या आणि सोल्डरिंगची हौस असलेल्या माणसाने तेव्हाच उत्तर द्यायला हवे होते. ते आता देतो.

संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे. गिटार किंवा बेस आणि अ‍ॅम्प यांच्यामध्ये बाहेरचा टोन फिल्टर, म्हणजे आवाजातले वरचे-खालचे स्वर कमीजास्त करणारे खोके, बसवला की वाद्याचा ‘मूळ आवाज’ मरतो. फिल्टरच्या बॅटरीचा करंट केबलमधून उलटा जातो आणि पिकअपचे, म्हणजे तारांची कंपने विजेच्या सिग्नलमध्ये बदलणाऱ्या भागाचे, चुंबक कमजोर करतो. बेसमध्ये नुसता खर्जच असल्यामुळे तिला फिल्टरचा काही उपयोग नसतो. आवाज खरोखर मोकळा व्हायचा असेल तर वाद्याच्या आतला कपॅसिटरही काढून टाकावा. एवढे करून घूं असा आवाज येतच राहिला, तर अ‍ॅम्पच्या प्लगची अर्थिंगची पिन काढावी, म्हणजे तो लगेच बंद होतो. शेवटी नेहमीचे पालुपद आहेच, की मोठे वादक असले काही वापरत नाहीत.

क्रम मोडून मी अर्थिंगपासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या मुद्द्यांनी फार तर आवाज बिघडेल, या मुद्द्याने माणूस जाईल. गिटारच्या तारा ब्रिजवर, म्हणजे वाद्याच्या पोटावरच्या धातूच्या घोडीवर, टेकलेल्या असतात, ब्रिजखालून एक बारीक वायर आत पॉटच्या (फिरवायच्या बटणाखालच्या भागाच्या) पाठीला जोडलेली असते, तिथून जॅक, जॅकमधून केबलची बाहेरची जाळी आणि जाळीतून अ‍ॅम्पची लोखंडी चासी (सांगाडा), अशी ही अखंड साखळी आहे. वाजवणाऱ्याचा हात तारांवर असतो, म्हणजेच तो अ‍ॅम्पच्या चासीवर असतो. अ‍ॅम्पच्या आत फेजची वायर कधी सुटून चासीला टेकली, तर अर्थिंगची पिन तो करंट जमिनीत नेते आणि फ्यूज उडतो. पिन तोडलेली असली तर फ्यूज उडत नाही. २३० व्होल्ट चासीवर, आणि म्हणून तारांवर, वाट बघत बसतात. वादक गायला माईकजवळ गेला आणि मिक्सरमार्फत अर्थ झालेल्या माईकच्या जाळीला त्याचे ओठ टेकले, की त्यांना वाट सापडते, आणि ती हातातून छातीमार्फत ओठांपर्यंत जाते. स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वे ३ मे १९७२ रोजी वेल्समधल्या स्वान्सी येथे रंगमंचावर गेला तो अर्थिंग नसलेल्या माईकला ओला हात लागून. यार्डबर्ड्स या बँडचा माजी गायक कीथ रेल्फ १९७६ साली घरी, अर्थिंग नीट नसलेली इलेक्ट्रिक गिटार वाजवताना गेला. ही दोघे नवशिकी मुले नव्हती. आपल्याकडे तर भाद्रपदातला पाऊस, मंडपातली ओली फळी आणि कोणत्या खांबावरून घेतले आहे हे कोणालाच ठाऊक नसलेले तात्पुरते कनेक्शन, हे सगळे त्यात मिळवायचे आहे.

पिन काढल्यावर घूं बंद होतो, हे अनेकदा खरे असते, आणि एवढे मी नाइलाजाने मान्य करतो. अडॅप्टरवर चालणारा फिल्टर एका बोर्डातून आणि अ‍ॅम्प दुसऱ्या बोर्डातून अर्थ झालेला असेल आणि दोघे केबलच्या जाळीनेही जोडलेले असतील, तर अर्थिंगचे एक वेटोळे तयार होते आणि त्यात ५० हर्ट्झचा वीजप्रवाह फिरू लागतो. पिन तोडली की वेटोळे तुटते. परंतु तेच वेटोळे फिल्टर बॅटरीवर चालवूनही तुटते. दोन्ही उपकरणे एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावली तरी ते इतके लहान होते, की बहुधा त्रास उरत नाही. तेही जमले नाही तर मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स, म्हणजे सिग्नल पुढे देऊन दोन बाजूंची विजेची जोडणी वेगळी ठेवणारे खोके, लावावा. त्याचे ग्राउंड लिफ्टचे बटण सिग्नलची जाळी वेगळी करते, मेनच्या अर्थिंगला हात लावत नाही. हे सांगायला तीन-चार वाक्ये पुरली. संदेश लिहिणाऱ्याने ती का लिहिली नाहीत, हे त्यालाच ठाऊक.

भाच्याच्या बाबतीत तर हे वेटोळेही नव्हते. त्याने कपॅसिटर छाटला तेव्हा कटरच्या त्याच दाबात ब्रिजची वायरही पॉटच्या पाठीवरून तुटली. तारांना हात लावला की एरवी घूं कमी होतो, तो आता होईना. मग त्याने संदेशातला पुढचा उपाय केला. बेस घेऊन तो ट्रान्स हार्बर लोकलने ठाण्याला माझ्याकडे आला तेव्हा मी तिचे पोट वर्तमानपत्रावर उघडले, तुटलेली वायर पाहिली, टोकाचा काळा पडलेला भाग खरवडला आणि ती जागच्या जागी सोल्डर करून दिली. पिनबद्दल तो काही बोलला नाही आणि मीही विचारले नाही. तीन दिवसांनी त्याचा फोन आला, “मामा, आवाज एकदम साफ झाला, पण माईकला ओठ लागले की मुंग्या येतात.” मी त्याला आधी मेन स्विच बंद करायला सांगितले आणि मग प्लगचा फोटो मागवला. तुटकी वायर जोडून मीच त्याच्या तारा अर्थिंग नसलेल्या चासीला पुन्हा बांधून दिल्या होत्या. फोटोत प्लगला दोनच पिना होत्या. सॉकेटची झडप अर्थिंगच्या पिनेने उघडते. ती पिनच नसल्यामुळे तो वरच्या भोकात रिफिल खुपसून झडप उघडत होता, आणि हे त्याने कसलेही अवघड वाटू न देता सांगितले.

आता चुंबकांकडे वळतो. हा मुद्दा धोकादायक नाही, केवळ हास्यास्पद आहे. एकतर चांगल्या फिल्टरच्या इन्पुटला टीएल०७२ यासारखी, जवळजवळ करंट न ओढणारे (एफईटी) इन्पुट असलेली आयसी, म्हणजे चिप, असते आणि तिच्या इन्पुटमधून जाणारा करंट पिकोअ‍ॅम्पिअरमध्ये, म्हणजे मिलिअ‍ॅम्पिअरच्या अब्जाव्या भागात मोजावा लागतो. तरी आपण संदेशकर्त्याचे सर्वात वाईट स्वप्न खरे झाले असे धरू आणि ९ व्होल्टची बॅटरी थेट पिकअपच्या दोन टोकांना लावू. पिकअपचा रोध साधारण ७ किलोओहम, म्हणजे करंट सव्वा मिलिअ‍ॅम्पिअरच्या आसपास. वेढे ८,००० आणि गुंडाळीची उंची एक सेंटीमीटरच्या थोडी वर धरली तर चुंबकीय क्षेत्र फार तर मीटरला ९०० अ‍ॅम्पिअर भरते. पिकअपमध्ये वापरल्या जाणाऱ्या अल्निको ५ या मिश्रधातूचे चुंबकत्व उतरवायला मीटरला सुमारे ५०,००० अ‍ॅम्पिअर लागतात. म्युझिक मॅन कंपनीची स्टिंगरे ही बेस १९७६ पासून पोटातच ९ व्होल्टची बॅटरी घेऊन फिरते आहे, तिची चुंबके अजून शाबूत आहेत.

‘मूळ आवाज मरतो’ हा मुद्दा मात्र सविस्तर उत्तराचा आहे, कारण यात अर्धसत्य आहे आणि मुलांना तेच पटते. या विषयावर हेल्मुट लेमे या जर्मन लेखकाचा १९८६ साली प्रसिद्ध झालेला पिकअपवरचा लेख मी अनेकांना वाचायला दिला आहे. इथेही माझा मुख्य आधार तोच आहे. त्यातला गाभा असा की पिकअप ही हजारो वेढ्यांची गुंडाळी असल्यामुळे तिला काही हेन्रींचे इंडक्टन्स (करंटच्या बदलाला अडवण्याचा गुण) असते, केबलला कपॅसिटन्स (थोडा वीजभार साठवण्याचा गुण) असते आणि दोघे मिळून एक लो-पास फिल्टर (खालचे स्वर जाऊ देणारा, वरचे अडवणारा) तयार होतो, ज्याच्या टोकाशी एक उंचवटा, म्हणजे जास्त जोराने वाजणारा पट्टा, असतो. बहुतेक पिकअपचा हा उंचवटा नेहमीच्या केबलसह २,००० ते ५,००० हर्ट्झ यांच्या दरम्यान येतो. तो २,००० च्या आसपास असला की आवाज उबदार आणि मऊ वाटतो, ३,००० ला उजळ, ४,००० ला टोचणारा आणि ५,००० च्या पुढे ठिसूळ व पातळ. आपण ज्याला एखाद्या गिटारचा ‘स्वभाव’ म्हणतो, तो मोठ्या प्रमाणात या उंचवट्याची जागा आणि उंची असतो.

याचा हिशेब घरी करता येतो. इंडक्टन्स ३ हेन्री, गुंडाळीचे स्वतःचे कपॅसिटन्स १०० पिकोफॅरड आणि केबलचे मीटरला १०० पिकोफॅरड धरले, तर ६ मीटर केबलवर उंचवटा साधारण ३,५०० हर्ट्झला येतो. तीच गिटार ३ मीटर केबलला लावली की तो ४,६०० हर्ट्झच्या आसपास सरकतो. म्हणजे ज्याला ‘मध्ये काहीही नसलेला मूळ आवाज’ म्हणायचे, तो तरी कोणत्या केबलचा? संदेश लिहिणारा रोज एक फिल्टर वापरतो, त्याला बटण नाही एवढेच. बाहेरचा चांगला फिल्टर पिकअपवर भार न टाकता सिग्नल घेतो आणि उंचवट्याची जागा व उंची आपल्या बोटाखाली आणून देतो. वाद्यावरचा साधा टोनचा पॉट हे करू शकत नाही, कारण तो फक्त वरचे स्वर गिळतो.

अर्धसत्य इन्पुटच्या इम्पीडन्समध्ये, म्हणजे सिग्नलला होणाऱ्या रोधात, आहे. गिटारच्या अ‍ॅम्पचे इन्पुट बहुधा १ मेगाओहमचे असते. स्टुडिओतला रॅकमधला इक्वलायझर मात्र १० किलोओहमचा असू शकतो, आणि पॅसिव्ह (बॅटरीविना चालणारी) बेस त्याला थेट लावली की वरच्या हिशेबातल्या पिकअपचा आवाज ९०० हर्ट्झच्या आसपासच उतरू लागतो, शिवाय एकूण पातळीही जवळजवळ निम्म्यावर येते. असा मेलेला आवाज ज्याने ऐकला असेल त्याने फिल्टरला शिव्या दिल्या तर त्यात नवल नाही. दोष मात्र मधल्या बफरच्या, म्हणजे पिकअपवर भार न टाकता सिग्नल पुढे देणाऱ्या सर्किटच्या, अभावाचा आहे. दुसरे, १९६६ सालच्या फझ फेस या मुद्दाम आवाज फाडणाऱ्या पेडलच्या धर्तीचे पेडल पिकअपशी थेट जोडलेलेच चांगले वाजते, त्याच्या आधी बफर असलेला फिल्टर आला की ते कर्कश होते. त्यामुळे फिल्टर फझच्या नंतर लावावा. तिसरे, उंचवटा फार वर नेला तर सरसर असा आवाज वाढतो आणि जोरात वाजवल्यावर फिल्टरचाच आवाज फाटू लागतो. या तिन्ही गोष्टी संदेशात असत्या तर मी तो स्वतः पुढे पाठवला असता.

बेसमध्ये नुसता खर्ज असतो, हे वाक्य बेस न वाजवणाऱ्याचे आहे. चार तारांच्या बेसची सर्वात खालची मोकळी तार ४१.२ हर्ट्झची आणि गिटारची ८२.४ हर्ट्झची, हे खरे; परंतु तारेवर बोट घासते, अंगठा आपटतो आणि तार फ्रेटवर खणखणते तो सगळा आवाज काही हजार हर्ट्झपर्यंत पोहोचतो. फिल्टर ८०० ते १,२०० हर्ट्झला आणून तिथे थोडा उंचवटा ठेवला की बेस बोलायला लागते. ढोलकी आणि कीबोर्ड यांच्या मधून तिचा शब्द कळतो. गिटारसाठी त्याच खोक्याचा काटा ३,००० च्या पुढे न्यायचा, दुसरे खोके घ्यावे लागत नाही. उलट लो-पास फिल्टर लावून ५० हर्ट्झचा घूं जाईल ही अपेक्षा मात्र सोडून द्यावी, कारण तो बेसच्या खालच्या स्वरांच्या शेजारीच बसलेला असतो.

आतला कपॅसिटर काढल्याने टोनचा पॉट पूर्ण उघडा असताना आवाज किंचित उजळतो, इतका की तो शोधावा लागतो. बदल्यात ते बटण निकामी होते. आवाज ‘मोकळा’ करण्यासाठी एवढी किंमत देणे मला मूर्खपणाचे वाटते.

राहिले मोठे वादक. अलेम्बिक ही कॅलिफोर्नियातली कंपनी १९६९ साली ग्रेटफुल डेड या बँडच्या ध्वनियंत्रणेच्या कामातून उभी राहिली. उंचवटा बदलता येणारा लो-पास फिल्टर हे तिच्या वाद्यांचे वैशिष्ट्य आहे आणि बेसवादक स्टॅन्ली क्लार्क ती सत्तरच्या दशकापासून वाजवतो. तोच फिल्टर वाद्याबाहेर हवा असणाऱ्यांसाठी कंपनीने सुपरफिल्टर नावाचा रॅकमधला फिल्टर काढला. तितकाच मोठा बेसवादक जाको पास्टोरियस साध्या पॅसिव्ह जॅझ बेसवर वाजवत असे, हेही तितकेच खरे आहे, आणि त्यावरून कोणाच्या प्लगची पिन तोडण्याचा अधिकार मिळत नाही.

भाच्याच्या अ‍ॅम्पला आता तीन पिनांचा नवा प्लग आहे, आणि त्याच्या सरावाच्या खोलीतल्या सॉकेटला खरोखर अर्थिंग आहे की नाही हे मी टेस्टर आणि मीटर घेऊन स्वतः तपासले. फिल्टर बॅटरीवर चालतो. छाटलेल्या कपॅसिटरच्या जागी ०.०४७ मायक्रोफॅरडचा हवा होता. माझ्या डब्यात ०.०२२ चा निघाला म्हणून मी तो तात्पुरता लावून दिला. आता बदलून देतो म्हटले तर भाचा नको म्हणतो, त्याला हाच आवडला आहे.