कोथिंबीर वडीत दूध कुठे असतं?

नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज परत फिरतोय. दूध-दही-तुपाशिवाय आपला नाश्ता होतच नाही, वीगन, म्हणजे प्राण्यांपासून येणारं काहीही न घालता, करायचं तर महागडं बदामाचं दूध आणि चीज आणावं लागतं, प्रथिनं मिळत नाहीत, आणि तळल्याशिवाय कुरकुरीतपणा येत नाही, म्हणून ते हलकंही होत नाही, असं त्यात ठासून म्हटलंय. तो वाचून माझ्या बहिणीने सुरुवात करण्याआधीच नाद सोडला, म्हणून हे लिहितेय.

पहिलं म्हणजे दूध-दही. कांदेपोहे, थालीपीठ, अळूवडी, मिसळ, इडली, मेदूवडा, भेळ. यातल्या कशात दूध आहे? लोणी थालीपिठावर येतं, भाजणीत नसतं. इडलीचं पीठ फुगतं ते डाळ-तांदळावर मुळातच असलेल्या जिवाणूंमुळे, विरजण लागत नाही. खमणात दही घालतात ते आंबटपणासाठी. सोड्याला आम्ल हवं असतं आणि ते लिंबातही आहे. सोडा घातल्यावर मात्र पीठ ताटकळत ठेवू नका, लगेच वाफेवर चढवा. अडतो तो दहीवडा. शेंगदाण्याच्या दुधाचं दही लावता येतं, पण त्याला शेंगदाण्याचा वास राहतो. भाजलेलं जिरं आणि काळं मीठ घातलं की मला चालतं, सगळ्यांना चालेलच असं नाही.

बदामाचं दूध आणि चीज यांचा वरच्या यादीशी संबंधच नाही. ताकाची तहान लागली तर सोलकढी आहे: नारळाचं दूध आणि आमसूल.

प्रथिनांबद्दल बोलायचं तर बेसनात 100 ग्रॅममागे 20 ग्रॅमच्या वर प्रथिनं असतात. मोड आलेल्या मुगाची उसळ, डाळवडे, शेंगदाण्याचं कूट हे सगळं घरात असतंच. खरी अडचण बी-12 जीवनसत्त्वाची आहे, आणि मेसेजमध्ये नेमकं तेच नाही. ते वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही. पूर्ण वीगन खाणाऱ्याने डॉक्टरांना विचारून गोळी घ्यावी, यात आडमुठेपणा करू नये.

आता तळणं. इथे मेसेजला थोडं मानावं लागतं, कारण वीगन म्हणजे आपोआप हलकं नव्हे. बहुतेक शेव-फरसाण वीगनच असतं. एक ग्रॅम तेलात 9 कॅलरी, तुपातही जवळपास तेवढ्याच. हलकेपणा येतो तो तेल कमी केल्याने, तूप बदलल्याने नाही.

पण कुरकुरीतपणा फक्त कढईतच येतो हे खरं नाही. वरच्या थरातलं पाणी निघून गेलं की तो येतो, आणि हे काम तवाही करतो, जरा सावकाश. कोथिंबीर वडीचंच बघा. धुतलेली कोथिंबीर फडक्यावर पसरून कोरडी करायची, मगच चिरायची. मीठ, तिखट, तीळ, चिंच-गूळ लावून दहा मिनिटं ठेवली की तिला पाणी सुटतं. त्यात मावेल तेवढंच बेसन आणि मूठभर तांदळाचं पीठ. वरून पाणी घातलंत तर वडी चिकट होणार. उंडे वळून वीस मिनिटं वाफवायचे आणि पूर्ण गार होऊ द्यायचे. सगळ्यांची चूक इथेच होते: गरम कापल्या की वड्यांचा भुगा होतो. गार वड्या दोन चमचे तेलावर, मध्यम आचेवर, न हलवता भाजायच्या. कड तपकिरी झाली की उलटायच्या. दाताखाली कुर्र वाजतात आणि आत मऊ राहतात.

मेदूवड्याचं पीठ अप्पेपात्रात थेंब-थेंब तेलावर छान होतं. बटाटेवडाही होतो, पण तो वडापावात घालण्याजोगा होत नाही. चकली मी ओव्हनमध्ये दोनदा करून पाहिली. कडक झाली, खुसखुशीत नाही. ती मी दिवाळीत तेलाचं मोहन घालून तळतेच, आणि एका वेळी दोनच खाते.