पाऊस सारखा पडतो आहे

उपमा अलंकाराचं स्वतःचं उदाहरण द्या, असा प्रश्न मी चाचणीत विचारला होता. एका उत्तरपत्रिकेत वाक्य सापडलं: 'बाहेर पाऊस सारखा पडतो आहे.' खाली नेटकी फोड. उपमेय: पाऊस. साम्यवाचक शब्द: सारखा. साधारण धर्म: पडणे. उपमान: बाहेर.

लाल पेन हातात धरून मी बराच वेळ बसून राहिलो. कारण चूक माझीच होती. 'सम, सारखा, जसा दिसलं की उपमा. जणू, गमे, भासे दिसलं की उत्प्रेक्षा. यातलं काहीच नसून दोन गोष्टी एकच झाल्या की रूपक,' हे मीच फळ्यावर चौकट आखून लिहून दिलं होतं. मुलानं सांगितल्याप्रमाणे शब्द शोधला. तो सापडला, यात त्या बिचाऱ्याचा काय दोष?

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात चारच अलंकार सांगितले होते: उपमा, रूपक, दीपक आणि यमक. तेवढ्यावर थांबले असते तर माझं रक्ताभिसरण आज सुरळीत असतं. पण पुढच्या मंडळींना चैन पडेना. अप्पय्य दीक्षितांच्या कुवलयानंदापर्यंत संख्या शंभराच्या पुढे गेली. माझ्या वर्गात येतात ते त्यातले मोजकेच, पण तेही एकमेकांच्या गणवेशात.

मग मी ठरवलं, चौकटी पुसायच्या आणि थेट कविता वाचायची. कुणाची तयार उत्तरं मिळू नयेत म्हणून एक ओळ स्वतःच रचली: 'चंद्र खिडकीत उभा राहून रात्रभर माझी वही वाचत होता.' फार थोर ओळ नव्हे, पण चेतनगुणोक्तीपुरती, म्हणजे निर्जीव वस्तूला माणसासारखं वागायला लावण्यापुरती, बरी.

"काय जाणवतं?" मी विचारलं.

"खिडकीला पडदा नाही," एकजण म्हणाला.

पहिल्या बाकावरच्या विज्ञानप्रेमी मुलीनं हात वर केला. "सर, चंद्र रात्रभर एका खिडकीत दिसणारच नाही. आकाशात तो तासाला साधारण 15 अंश सरकतो." तिचं म्हणणं बरोबर होतं, हीच तर अडचण. शेवटच्या बाकावरून आवाज आला, "चंद्र वाचतोय म्हणजे कवी झोपलाय. गृहपाठ अपुरा." माझ्या ओळीचं इतकं मर्मग्राही वाचन मलाही जमलं नसतं, पण मान्य कसं करणार? मी म्हटलं, "पण कवीला काय म्हणायचं आहे?"

"कवीला विचारलंत का सर?"

कवी समोरच उभा होता आणि त्यालाही नक्की माहीत नव्हतं.

अशा वेळी मला आय. ए. रिचर्ड्सची आठवण धीर देते. या प्राध्यापकानं केंब्रिजमध्ये विद्यार्थ्यांना कवींची नावं काढून कविता दिल्या आणि मत लिहायला सांगितलं. नामांकित कवितांची त्यांनी लावलेली वाट 1929 साली पुस्तकरूपानं प्रसिद्धही झाली. ती विद्यापीठातली मुलं होती. माझी तर नववीतली आहेत.

आणि गंमत म्हणजे हीच मुलं दिवसभर अलंकारांतच बोलतात. 'पंखा आज रुसलाय.' 'गणिताच्या पेपरनं मारलं.' 'वेळ जाता जात नाही' (हे माझ्याच तासाला, मला ऐकू येईल इतपत हळू). रूपक समजावून झाल्यावर मी विचारलं, "कळलं?"

"नाही सर, डोक्यावरून गेलं."

"काय गेलं?"

"रूपक."

"मग आता तू काय बोललास?"

तो गोंधळून छताकडे बघू लागला. गेलेलं रूपक अजून तिथंच असावं.

परवा शेवटचा उपाय म्हणून व्यंजनेकडे वळलो. अकराव्या शतकातल्या मम्मटाच्या काव्यप्रकाशातलं उदाहरण फळ्यावर लिहिलं: 'गतोऽस्तमर्कः', म्हणजे सूर्य मावळला. शब्दांचा अर्थ एकच, पण गुराख्यानं ऐकलं तर गुरं घराकडे वळवायची, विक्रेत्यानं ऐकलं तर माल आवरायचा, राबणाऱ्यानं ऐकलं तर काम थांबवायचं. न बोललेलं ऐकू येणं म्हणजे व्यंजना! मला स्वतःलाच भरून आलं.

विज्ञानप्रेमी मुलगी म्हणाली, "सर, सूर्य मावळत नाही. पृथ्वी फिरते."

मी खडू खाली ठेवला, पुन्हा उचलला आणि गुराख्यापासून परत सुरुवात केली. गुरं वळली. माल आवरला. राबणाऱ्याच्या हातातली अवजारं खाली ठेवणार, इतक्यात शेवटच्या बाकावरून नम्र आवाज आला,

"सर, बेल झाली."

"ऐकली मी," म्हणालो आणि पुढे शिकवू लागलो.

चाळीस चेहरे माझ्याकडे बघत होते. तीच नजर मी इतकी वर्षं त्यांच्याकडे टाकत आलो होतो.

"सर," तो मुलगा अगदी हळू, समजुतीच्या सुरात म्हणाला, "बेल... झाली."

दप्तरांच्या चेन एकदम वाजल्या.